परसातील औषधी बागेची आखणी

(श्रींच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या महाजन कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



घरच्या परसात औषधी झाडे कशी लावावीत या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा समितीच्या चिटणिसांनी केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी वैद्य नव्हे, वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हे. शिक्षण लिसेंवमधले आणि हयात गेली सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात. परंतु चिटणीस म्हणाले, "तुम्ही बाग केलीत, बुडवलीत आणि पुन्हा केलीत. एवढी पात्रता आम्हांला पुरे आहे." या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो. तेव्हा आज जे सांगणार आहे ते मुख्यत्वेकरून माझ्या चुकीविषयी आहे, हे आरंभीच निवेदन करतो.

आमचे घर जुन्या पद्धतीचे, कौलारू. दर्शनी बाजू पूर्वेला, आंगणात तुळशीवृंदावन. स्वयंपाकघराचे दार उत्तरेस परसात उघडते. तिथेच विहीर, न्हाणी आणि पूर्वी गोठाही होता. दक्षिणेच्या अंगाला कुंपणापर्यंत एक मोकळी पट्टी आहे. तिच्यावर उन्हाळ्यात आमसुले, पापड आणि मिरच्या वाळत घालायच्या, एवढाच तिचा उपयोग.

माझ्या मातोश्रींच्या वेळी उत्तरेच्या परसात काय नव्हते! पण ते 'लावलेले' आहे असे पाहणाऱ्याला वाटत नसे. न्हाणीच्या सांडपाण्याच्या वाटेवर अळू आणि वेखंड, विहिरीच्या थारोळ्यापाशी एकपानी आणि ब्राह्मी, माडांच्या बुडाशी हळद, आले व आंबेहळद, कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी, आंब्यावर चढलेली गुळवेल. न्हाणीच्या भिंतीला लागून, वळचणीखाली, पानओव्याचे एक झुडूप. यांच्यामध्ये कितीतरी बारीकसारीक वनस्पती, ज्यांना आम्ही मुले सरसकट 'गवत' म्हणत असू. आईला मात्र प्रत्येकीचे नाव ठाऊक होते आणि ती नावानेच आम्हांस पाठवीत असे: अमुक घेऊन ये, तमुकाची दोन पाने काढ, मुळाला हात लावू नकोस.

सेवानिवृत्त होऊन मी घरी आलो तेव्हा आई जाऊन काही वर्षे झाली होती. परसाला रानाची कळा आली होती. आयुष्यभर दप्तरे लावलेल्या मनुष्यास अव्यवस्था सहन होत नाही. एका स्नेह्याने मला उद्यानविद्येवरचे एक जुने पोर्तुगीज पुस्तक दिले होते. त्यात 'घरची औषधी बाग' या प्रकरणात एक सुंदर आकृती होती. मध्ये सूर्यघडी, तिच्याभोवती चक्राच्या आऱ्यांप्रमाणे आठ वाफे, विटांच्या काठाने बांधलेले, आणि प्रत्येक वाफ्यात एकेक वनस्पती: साल्सा, आलेक्रीं, ओर्तलां वगैरे. बाग घराच्या दक्षिणेस, पूर्ण उन्हात करावी, असे स्पष्ट लिहिले होते. झाले! मी आलेख-कागद आणला, पन्नासास एक या प्रमाणात घराचा आराखडा काढला, दक्षिणेच्या पट्टीवर कंपासाने वर्तुळ ओढले आणि आठ वाफ्यांना क्रमांक दिले. उत्तरेचे सारे रान काढून टाकावे आणि कामाच्या तेवढ्या वनस्पती दक्षिणेकडे एका ठिकाणी शिस्तीने लावाव्यात, असा माझा संकल्प होता. कागदावर तो फार शोभून दिसत होता. माझ्या सौभाग्यवतीने आराखडा पाहून एवढेच विचारले, "पण पावसात तिकडे जाणार कोण?" मी तो प्रश्न गौण मानला.

एप्रिल महिन्यात दोन माणसे कामाला लावली. त्यांपैकी एक वयस्क बाई होती. विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात खुरपे थांबवून तिने एका वाळलेल्या खुंटाकडे बोट दाखवीत विचारले, "बाब, हें वखद न्हय? काडूं?" मी पडवीत कागद घेऊन बसलो होतो. मान वर न करता सांगितले, "सगळें काड." तिने काढले. संध्याकाळी त्या ढिगाला काडी लावली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. जून उजाडला. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस, म्हणजे दीड पुरुष उंचीचे पाणी, आणि ते बहुतेक सारे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते, हे मी शाळेत शिकलो होतो; पण वाफे आखताना ते मला आठवले नाही. कौलांवरच्या पागोळ्यांनी वर्तुळाच्या एका बाजूला वीतभर खोल चर पाडला. नैर्ऋत्येकडून येणारा वारा पावसाची झोड थेट त्या पट्टीवर आणी. विटांचे काठ मी इतके पक्के बांधले होते की आत आलेल्या पाण्याला बाहेर वाट नव्हती. आठ वाफ्यांची आठ डबकी झाली. आलेक्रीं काळी पडून मेली, साल्सा कुजली, आले उकरून पाहिले तर बोटाला नुसता चिकट लगदा लागला. पुदिना जगला, कारण पुदिना कुठेही जगतो. आणि जे जगले तेही कोणी वापरले नाही. कढीलिंबाच्या चार पानांसाठी छत्री उघडून अर्ध्या घराला वळसा कोण घालणार? सौभाग्यवती बाजारातून आणू लागली. ती काही बोलली नाही, हे तिचे मोठेपण.

आता या अनर्थाची कारणमीमांसा करू. पुस्तक चुकीचे नव्हते. ते पोर्तुगालसाठी लिहिलेले होते, एवढेच. तिथे वर्षाचे बाराही महिने माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून घराची दक्षिण बाजू ती उबेची बाजू. आपण साडेपंधरा अंश अक्षांशावर राहतो. मेच्या आरंभी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावरून जातो, नंतर माध्यान्ही तो किंचित उत्तरेस कलतो, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा डोक्यावर येऊन दक्षिणेकडे वळतो. डिसेंबरात मात्र तो बराच दक्षिणेला झुकलेला असतो. बारा फूट उंच भिंतीची सावली त्या वेळी भर दुपारी उत्तरेस जवळजवळ दहा फूट पडते. मी हे मोजून पाहिले आहे. याचा अर्थ असा की घराच्या उत्तरेची दहा फुटांची पट्टी हिवाळाभर दुपारच्या उन्हापासून सुरक्षित असते, आणि दक्षिणेची पट्टी ऑक्टोबरपासून मेपर्यंत भाजून निघते. मिरच्या वाळवायला ती उत्तम.

शिवाय उत्तर बाजूला घराच्या आडोशामुळे नैर्ऋत्येचा झोड लागत नाही. विहीर तिथेच, स्वयंपाकघराचे दार तिथेच. आईने काहीच आखले नव्हते असे मी समजत होतो. वास्तविक सर्व आखलेले होते. फक्त आराखडा कागदावर नव्हता. पानओवा वळचणीखाली का होता, हे मला फार उशिरा उमगले. मध्यरात्री तान्ह्याला खोकला झाला तर पाय न भिजवता, दारातून नुसता हात लांब करून पान खुडता यावे, म्हणून.

दुसऱ्या वर्षी मी काहीच लावले नाही. एक अख्खा पावसाळा नुसता पाहिला. बंधुभगिनींनो, ज्यांना परसात औषधी बाग करावयाची आहे त्यांना माझी पहिली आणि आग्रहाची विनंती हीच आहे. एप्रिल-मे हे बाग आखण्याचे दिवस आहेत असे सर्वांना वाटते, कारण जमीन मोकळी दिसते आणि मजूर मिळतात. परंतु एप्रिलमध्ये आपले अर्धे परसू जमिनीखाली निजलेले असते. हळदीचा पाला केव्हाच वाळून गेलेला असतो, गड्डे मातीत. माका आणि भुईआवळा यांचे केवळ बी असते. शेवळ्याचा कांदा पहिल्या पावसाची वाट पाहत असतो. एकपानी सुकून दिसेनाशी झालेली असते. त्या महिन्यात मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. जून-जुलैत आपोआप काय उगवते ते पाहावे, घरातील वडीलधाऱ्या बायकांना हाताला धरून आणावे, विचारावे आणि मग खुरपे उचलावे.

पाहायचे म्हणजे काय, तेही सांगतो. मी केरसुणीचे हीर घेतले आणि त्यांना तांबड्या व पांढऱ्या चिंध्या बांधल्या. मोठी सर थांबल्यावर तासाभराने छत्री घेऊन परसात जायचे. जिथे पाणी अजून उभे असेल तिथे तांबडी चिंधी, जिथे माती पायाखाली घट्ट लागेल तिथे पांढरी. शेजारच्या मुलांची या उद्योगाने बरीच करमणूक झाली. भाद्रपदापर्यंत परसाचा एक नवाच नकाशा तयार झाला. जमीन मला सपाट वाटत होती, ती तशी मुळीच नव्हती. विहिरीपासून गोठ्याच्या चौथऱ्याकडे ती हातभर उतरत होती. कौलांची पागोळी कुठे पडते, माडाच्या झावळीचे पाणी कुठे ठिबकते, न्हाणीचे पाणी कुठवर जिरते, हे सारे टिपून घेतले. मग ऑक्टोबर ते जानेवारी दर पंधरवड्याला सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीची कड कुठवर येते ते पाहिले. एवढी माहिती हाती असली म्हणजे कोणती वनस्पती कुठे लावावी हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. आपल्याला फक्त ती त्या ठिकाणी न्यायची असते.

यानंतर वाटेचा प्रश्न. वाफ्याआधी वाट करावी. स्वयंपाकघराच्या दारापासून मी जांभ्या चिऱ्यांची दोन फुटी वाट केली. चिरे जमिनीपेक्षा थोडे उंच आणि खडबडीत ठेवले, कारण शेवाळ धरलेल्या गुळगुळीत दगडावरून या वयात पडणे परवडत नाही. दररोज लागणाऱ्या वनस्पती या वाटेला दारापासून दहा-बारा पावलांत असाव्यात: कढीलिंब, पानओवा, आले, पुदिना. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या त्यापलीकडे. वर्षातून दोनदा लागणाऱ्या कुंपणाला. गवती चहा रोज लागतो, तरीही तो मी दारापासून दूर ठेवला आहे. त्याचा झुपका दाट वाढतो आणि त्यात उंदीर शिरतो. उंदरामागून कोण येतो, हे मी सांगायला नको.

वाफा चार फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. आत पाय ठेवावा लागला की माती दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो. पावसाळ्यासाठी वाफा जमिनीपासून फूटभर उंच करावा, काठ चिऱ्यांचा पण सांधे उघडे ठेवून, आणि दोन वाफ्यांमधील वाट हीच पाण्याची चारी समजावी. दसरा-दिवाळीनंतर चित्र पालटते. तोवर जे पाणी घालवायचे होते तेच आता धरून ठेवायचे असते. तेव्हा माती ओढून आळी करावीत आणि वर सुक्या पाल्याचे आच्छादन घालावे. वर्षातून दोनदा वाफ्याचे रूप बदलावे लागते. आपली जांभी माती पाणी लवकर सोडते आणि पावसात तिचा कसही धुऊन जातो, म्हणून कुजलेले शेणखत एकदम न घालता दोन हप्त्यांत घालावे, निम्मे लागणीच्या वेळी आणि निम्मे पावसाचा जोर ओसरल्यावर.

आता लागवड. मी पाण्यावरून चार जागा पाडल्या आहेत.

पहिली जागा पांढऱ्या चिंध्यांची, म्हणजे पाणी न थांबणारी. इथे वाळू मिसळून उंच केलेल्या वाफ्यावर कोरफड, सब्जा आणि वृंदावनाबाहेरची जादा तुळस. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड अधिक काळ पानांवर राहते. बियांसाठी मात्र एक-दोन झाडे तशीच सोडावीत. कोरफडीच्या बुडाशी फुटणारी पिले वेगळी करून लावली की झाले. तिचे पान कापल्यावर प्रथम जो पिवळा, कडू चीक गळतो तो जुलाब करणारा असतो. पान उभे टेकवून तो निथळू द्यावा आणि मगच आतला गर घ्यावा. गर्भवती स्त्रियांनी ती पोटात घेऊ नये.

दुसरी जागा तांबड्या चिंध्यांची. वेखंड मुळात दलदलीतला. त्याला न्हाणीच्या पाण्याची वाट द्यावी. ब्राह्मी आणि एकपानी यांना विहिरीपाशी, जिथे स्वच्छ पाणी सांडते तिथे ठेवावे. साबणाच्या पाण्यावर वाढलेले पान पोटात घेऊ नये. इथे एक घोटाळा सांगून ठेवतो. 'ब्राह्मी' या एकाच नावाने दोन निरनिराळ्या वनस्पती दिल्या-घेतल्या जातात. एक ती, जिची पाने बारीक, मांसल, देठाविना आणि फुले फिकट पांढुरकी. शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी. दुसरी मंडूकपर्णी, म्हणजेच आपली एकपानी. जमिनीवर धावणारी, लांब देठावर वाटोळे, मूत्रपिंडासारखे पान. शास्त्रीय नाव सेंतेल्ला आशियातिका. दोन्ही गुणी आहेत, पण एक म्हणजे दुसरी नव्हे. वैद्याने कोणती सांगितली आहे हे विचारून घ्यावे.

तिसरी जागा माडांखालची, गाळीव उन्हाची. इथे हळद, आंबेहळद, आले. मृगाच्या तोंडावर, पहिल्या सरींनंतर डोळे असलेले गड्डे एकेका वितीच्या थोड्या अधिक अंतराने लावावेत. श्रावणात पातोळ्यांसाठी पाने हवीतच, परंतु सगळी पाने एकाच गड्ड्याची कापू नयेत. त्याचे पोट त्या पानांवरच भरत असते. दोन गड्ड्यांमागे एक पान असा आमच्या घरचा हिशेब आहे. पौष-माघात पाला पिवळा पडून कोलमडला की काढणी. आले मात्र दर वर्षी त्याच जागी लावू नये. कुजण्याचा रोग मातीत राहतो. हा धडा मी दोनदा शिकलो आहे.

चौथी जागा कुंपण. अडुळसा हे ईश्वराने कुंपणासाठीच निर्माण केलेले झाड असावे. गुरे आणि बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत, फांदी खोचली की पावसात फुटते, आणि छाटले तितके दाट होते. त्याच्या जोडीला निर्गुडी. गुळवेलीचा वीतभर तुकडा आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या बुंध्याशी लावावा. ती इतकी चिवट की तोडलेला वेल झाडावर लोंबकळत राहून हवेतून मुळ्या सोडतो. परंतु कोणी आणून दिला म्हणून लावू नये. गुळवेलीची एक जातबहीण आहे, तिच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे दाटून असतात, पानही जवळजवळ तसेच हृदयाकृती. ती यकृताला अपायकारक ठरल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ओळख पटल्याशिवाय काढा करू नये. आणि खऱ्या गुळवेलीचाही काढा मनाने महिनोन् महिने घेत बसू नये. धोतरा व कण्हेर पत्रीसाठी लागतात, तीही कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, मुलांच्या हाताला न येतील अशी ठेवावीत.

ज्यांचे वास्तव्य आता मडगाव-पणजीच्या किंवा मुंबईच्या सदनिकांतून आहे त्यांनी निराश होऊ नये. सज्जात पानओवा, गवती चहा, पुदिना आणि कोरफड उत्तम होतात. कढीलिंबाला मोठी कुंडी हवी. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवावी आणि पावसाळ्यात खालची ताटली काढून घ्यावी. याहून अधिक त्याविषयी मला अनुभव नाही.

आता नावांविषयी. लिसेंवमध्ये आम्हांला गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आदराने शिकविण्यात आले. तो 1534 साली गोव्यात आला आणि इथल्या औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. पणजीच्या नगर उद्यानाला त्याचे नाव मिळाले ते यथायोग्यच आहे. वनस्पतींची लॅटिन नावेही आम्ही घोकली. परंतु आमच्या शिक्षकांनी ज्यांचा कधी उल्लेख केला नाही असे तीन वैद्य होते: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. कोचीनला राहणारे हे कोंकणी ब्राह्मण. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध करविला, त्याच्या कामी या तिघांनी आणि इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने साह्य केले. तिघांचे 1675 सालचे निवेदन कोंकणी भाषेत, नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेले आहे. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 2003 साली केरळ विद्यापीठाने काढले. ते निवेदन छापलेले पाहिले तेव्हा माझ्या मनात अभिमानापेक्षा दुसरीच भावना आली. त्या तिघांना जे ठाऊक होते ते त्यांनी सांगितले आणि कोणीतरी ते लिहून घेतले. माझ्या घरात सांगणारी होती. लिहिणारा कारकूनही होता. तीस-पस्तीस वर्षे मी परक्यांच्या जमिनींच्या, जन्मांच्या, विवाहांच्या नोंदी सुवाच्य अक्षरात केल्या. आईने उच्चारलेल्या नावांपैकी एकही मी कधी टिपून घेतले नाही.

आता घेतो. एक नोंदवही घातली आहे. तिचे रकाने असे: क्रमांक, घरात चालणारे नाव, मराठी व संस्कृत नाव, शास्त्रीय नाव, परसातील जागा, लावल्याचा दिवस, आणि शेवटचा रकाना 'कोणी सांगितले'. हा शेवटचा रकाना भरल्याखेरीज नोंद पुरी मानीत नाही. प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पट्टी आहे, तीवर घरातले नाव मोठ्या अक्षरात. चवथीच्या आधी नातवंडे माटोळीसाठी कांगलां, घागऱ्या शोधायला रानात जातात तेव्हा वही बरोबर नेतात. कवंडळाचे लालभडक फळ माटोळीला बांधायचे, तोंडात घालायचे नाही, हे त्यांनी माझ्या मुलांपेक्षा लवकर शिकून घेतले. आजवर एक्काहत्तर नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच थोरल्या भगिनीने सांगितल्या, काही शेजारच्या आजींनी, काही देवळातील फुलकाराने.

एकोणिसाव्या नोंदीत मात्र फक्त जागा लिहिलेली आहे: विहिरीपलीकडचा कोपरा. ती आईची एक वनस्पती. पहिल्या पावसानंतर यायची, हातभर उंच व्हायची, चवथीच्या सुमारास तिला जांभळट बारीक फुले. पान लांबट, मागून किंचित लवदार, चुरगाळले की कापूर आणि कच्चा आंबा यांच्यामधला वास. तान्ह्याला सर्दी झाली की आई ते पान निखाऱ्यावर गरम करून टाळूला लावी. नावाच्या शेवटी 'ली' येत असे, एवढेच मला आठवते. त्या एप्रिलमध्ये कामाला आलेल्या बाईने बोट दाखविले तो खुंट याच कोपऱ्यातला. पुढल्या वर्षी मी तिच्या घरी विचारायला गेलो, परंतु ती पावसाळ्याआधीच वारली होती. थोरल्या भगिनीला वास आठवतो, नाव आठवत नाही. तीन पावसाळे मी तो कोपरा न खणता ठेवला आहे. अद्याप तिथे काही उगवलेले नाही.

आज या मंडपात आमच्या आईच्या पिढीतील काही मातोश्री बसलेल्या दिसतात. त्यांच्यापैकी कोणाला हे वर्णन ओळखीचे वाटले तर कृपा करून भाषण संपल्यावर मला भेटावे. वही मी बरोबर आणली आहे. आणि कोणाच्या परसात ती वनस्पती अजून असेल, तर एक रोप मुळासकट, मातीच्या गोळ्यासह, आषाढातल्या झिमझिम पावसात काढून ठेवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.